कोणाला कुठपर्यंत

पोस्टकार्डावर काय लिहायचं आणि पाकिटात काय घालायचं, हे आमच्या लहानपणी कुणाला शिकवावं लागत नसे. खुशाली पोस्टकार्डावर. पाऊस कसा आहे, लावणी उरकली का, गाय व्याली का, हेही पोस्टकार्डावरच. वाटेत चार जणांनी वाचलं तरी बिघडण्यासारखं त्यात काही नसे. सासुरवाशीण आईला लिही ते निळ्या आंतरदेशीय पत्रात, कडा नीट चिकटवून. जमिनीच्या वाटणीचं, कर्जाचं, मुलीला सांगून आलेल्या स्थळाचं बोलणं बंद पाकिटातून जाई. आणि जे पाकिटातही घालण्याजोगं नसे ते, मुंबईचा माणूस गणपतीला घरी आला की, रात्री जेवणं उरकल्यावर. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असे. कुणाच्या जाण्याचं कार्ड आलं तर ते वाचून लगेच फाडत, घरात ठेवत नसत. कोणती बातमी किती जणांची आणि किती काळाची, हे कागद हातात घेतानाच ठरलेलं असे.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तेव्हा घरटी एक तरी माणूस मुंबईला होता. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी कुणाच्या पेढीवर. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येई आणि ती आणणाऱ्या पोस्टमनदादांना वाडीतल्या प्रत्येक घराची मिळकत ठाऊक असे. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर चाकरमान्याने दोन ओळी खरडलेल्या असत. ज्या म्हातारीला वाचता येत नसे तिला ते त्या वाचून दाखवत, अंगठा घेत, शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेत. कुणाच्या लेकाने रक्कम वाढवली, कुणाची तीन महिने आलीच नाही, हे सगळं त्यांना कळे. ज्या घरची मनीऑर्डर थकली असेल त्या घरावरून जाताना ते मुद्दाम थांबत, पाणी मागत आणि म्हणत, ‘येईल हो काकी, गिरणीत पगार मागेपुढे होतात.’

एवढी माहिती आज एखाद्या कंपनीकडे असेल तर आपण दचकायला हवं. पोस्टमनदादांमुळे मात्र कुणी दचकत नसे, कारण तेही आम्हाला तेवढेच माहीत होते. त्यांचं घर कुठल्या वाडीत, त्यांचे वडील कोण, त्यांची मुलगी कितवीत, त्यांच्या भावाशी बांधावरून काय चाललंय, हे वाडीला तोंडपाठ होतं. एका घरची गोष्ट त्यांनी दुसऱ्या घरी नेली असती तर संध्याकाळच्या आत कुणीतरी त्यांना पडवीत बसवून जाब विचारला असता. आज मागे वळून पाहताना मला ओढ वाटते ती या बरोबरीची. माझी माहिती ज्याच्याकडे होती, तो मला माहीत होता.

आमच्या कोकणातल्या घरांची बांधणीच या समजुतीची होती. अंगण कुणालाही मोकळं. पडवीपर्यंत पोस्टमन, भंगारवाला, वाटसरू. ओटीवर पाहुणे, गावकीची माणसं. माजघरात नात्यातले, आणि आजारपण असेल तर डॉक्टर. देवघराच्या पलीकडे घरच्यांनाही सोवळ्याओवळ्याचे नियम. पाटी कुठेच लावलेली नसे. तरी कोणाला कुठपर्यंत यायचं ते प्रत्येकाला कळत असे. आपल्याविषयीच्या माहितीचंही तसंच होतं. हेलन निसेनबॉम या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी २०१० साली आपल्या पुस्तकात हाच मुद्दा शास्त्र म्हणून मांडला. त्यांचं म्हणणं असं की, खाजगीपण म्हणजे माहिती कुलपात ठेवणं इतकंच नसतं. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरकडे राहावं, बँकेला सांगितलेलं बँकेत राहावं. ज्या नात्यात माहिती दिली त्या नात्याचे रिवाज पाळले गेले की खाजगीपण शाबूत राहतं. त्यांचं लिखाण वाचताना मला आमची ओटी आणि माजघर दिसत होतं.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केलं. एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार, ही तेव्हा चकित करणारी गोष्ट होती. त्या बदल्यात पत्रातले शब्द यंत्र वाचणार होतं आणि त्यांच्या अनुरोधाने शेजारी जाहिराती लावणार होतं. जाहिरातींसाठी असं वाचणं थांबवत असल्याचं कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं. मधल्या तेरा वर्षांत जगभरच्या लोकांनी आपली पाकिटं पोस्टकार्डासारखी पाठवली आणि बहुतेकांना ते उमगलंही नाही. नंतर आलेल्या व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सगळे संदेश कूटबद्ध केले. त्या बाबतीत आजचा संदेश आमच्या डिंकाच्या पाकिटापेक्षा कितीतरी पक्का बंद आहे, हे मान्य केलंच पाहिजे. मात्र कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलतं, हे त्या कूटबद्ध पाकिटाच्या बाहेर राहतं. २०२१ च्या जानेवारीत याच सेवेने नव्या अटी पुढे केल्या: मालक कंपनीच्या इतर सेवांना माहिती देणं मान्य करा, नाहीतर सेवा सोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा या मालक कंपनीला त्याबद्दल २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली. या प्रकरणात मला रकमेपेक्षा ‘नाहीतर सोडा’ हे शब्द अधिक लागले. ज्या सेवेवर मुलांची शाळा, सोसायटी, भिशी आणि माहेरची माणसं सगळी एकवटली आहेत, ती सोडून जायचं तरी कुठे?

फोनची गोष्ट याहून बोलकी आहे. गावाकडून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. घाई असेल तर अर्जंट, फारच घाई असेल तर लायटनिंग, आणि त्याचे पैसे चढत्या भावाने. ऑपरेटर मधेच येऊन मिनिटं सांगे; तो ऐकतो आहे हे गृहीतच असे. पुण्यात आल्यावर आमच्याकडे कित्येक वर्षं फोन नव्हता. शेजारच्या वहिनींचा नंबर आम्ही ‘पी.पी.’ म्हणून देत असू. माझ्या नोकरीचा निरोप आधी त्यांना कळला, मग मला. आणि पेढेही आधी त्यांनीच वाटले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली आले. रात्री दर उतरले की तिथे रांगा लागत. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत असत आणि आतल्याचं बोलणं बाहेरच्यांना बऱ्यापैकी ऐकू येई. म्हणून माणसं ठरवून बोलत. मागे कोण उभं आहे ते काचेतून दिसत असे, त्याप्रमाणे शब्द निवडले जात.

त्याच काळात जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी घरोघरी होती. नाव, पत्ता, नंबर, सगळं छापलेलं. कुणीही उघडावं, कुणाचाही नंबर काढावा. तरीही त्यातून कुणाचं नुकसान झाल्याचं सहसा ऐकू येत नसे, कारण तो नंबर म्हणजे फक्त घंटी वाजवण्याचं साधन होतं. त्याला बँकेचं खातं जोडलेलं नव्हतं, गॅसची नोंदणी नव्हती, औषधांची बिलं नव्हती, सोसायटीच्या फाटकावरची नोंद नव्हती. आजचा दहा आकडी नंबर या सगळ्याला जोडलेला आहे. वेगवेगळ्या दुकानांतल्या, दवाखान्यांतल्या, कार्यालयांतल्या माझ्या नोंदी एकमेकींना ओळखत नव्हत्या, तेव्हा मी सुरक्षित होते. आता एकच नंबर त्या सगळ्यांना एका माळेत ओवतो, आणि ती माळ ज्याच्या हाती पडेल त्याला माझं आयुष्य सलग वाचता येतं.

शिवाय हा नंबर मी दिलाच पाहिजे असंही नाही. माझ्या भाचीने फोनवर एखादं ॲप घेतलं आणि ‘संपर्कयादी पाहू द्या’ याला होकार दिला की तिच्या यादीतले आम्ही सगळे नातेवाईक त्या कंपनीकडे पोचतो. होकार तिचा, माहिती आमची. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात हे आकड्यांनिशी उघड झालं. फेसबुकवर एक प्रश्नावलीचं ॲप होतं. ते ज्यांनी घेतलं त्यांच्या मित्रमंडळींचीही माहिती त्याने गोळा केली आणि ती राजकीय प्रचाराचा धंदा करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका कंपनीकडे गेली. २०१८ मध्ये फेसबुकनेच सांगितलं की जगभरातल्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांना याची झळ पोचली असावी. भारतात ते ॲप घेणारे होते ३३५ लोक, आणि ज्यांची माहिती जाण्याची शक्यता होती ते होते ५ लाख ६२ हजारांहून अधिक. वहिनींनी माझा निरोप ऐकला तर मला ते ठाऊक असे. या साडेपाच लाखांतल्या कितीजणांना आजही आपलं नाव त्यात होतं हे ठाऊक असेल?

वाण्याच्या उधारीच्या वहीविषयी लिहिताना माझा हात थोडा थबकतो, कारण उधारी म्हणजे लाज. आमच्या वाण्याकडे प्रत्येक घराचं पान होतं. गिरणीत संप झाला की ती पानं भरत जात. आईने डाळ अर्धा किलोऐवजी पाव किलो मागितली की तो काही न बोलता पाव किलो बांधून देई. थकबाकी मागायची झाली तर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, वडिलांना एकटं गाठून मागे. सगळेच वाणी असे नव्हते आणि सावकार तर नव्हतेच. चारचौघांत अब्रू काढून वसुली करणाऱ्यांचे किस्से कोकणात काही कमी नाहीत. पण तसं करणाऱ्याचं नाव गावाला ठाऊक असे आणि त्याची नोंद गाव ठेवत असे.

२०२० नंतर देशभर जे घडलं त्यात ते नावही उरलं नाही. पाच-दहा हजारांचं कर्ज फोनवर मिनिटांत देणारी ॲप आली. कर्ज देताना त्यांनी संपर्कयादी आणि फोटो पाहण्याची परवानगी घेतली. हप्ता चुकला की कर्जदाराच्या सासऱ्याला, साहेबाला, मैत्रिणीला फोन सुरू झाले. फोटो विद्रूप करून पाठवले गेले. काहींनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये पाहणी केली तेव्हा भारतीयांना उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲपपैकी सुमारे ६०० बेकायदा निघाली. २०२२ मध्ये बँकेने नियम केले की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्कयादी, फोटो आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. नियम चांगला आहे. तो येईपर्यंत किती घरांची अब्रू गेली, याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही.

डॉक्टरांविषयी लिहायचं तर मन भरून येतं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक बाक, एक पडदा आणि एक कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कापलेली कागदी पट्टी. तालुक्यातल्या अर्ध्या घरांची गुपितं त्या पडद्याआड सांगितली गेली असतील. डॉक्टर गेले त्या दिवशी बाजार बंद राहिला आणि ती गुपितं त्यांच्याबरोबर गेली.

अलीकडे मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासायला दिलं. अहवाल माझ्या हाती आला त्याच आठवड्यात एका अनोळखी आवाजाने फोन करून मला नावानिशी हाक मारली आणि तो साखरेवरच्या कुठल्याशा उपचाराची माहिती देऊ लागला. माझा नंबर कोणी दिला, असं विचारताच फोन बंद झाला. त्याला माझं नाव माहीत, वय माहीत, बहुधा साखरेचा आकडाही माहीत. मला त्याचं काहीच माहीत नाही. पोस्टमनदादांच्या काळाशी आजची तुलना करताना मला हा फोन सगळ्यांत आधी आठवतो.

बायकांच्या बाबतीत जुना काळ गोड करून सांगायला मी तयार नाही. ‘कावळा शिवला’ की चार दिवस बाजूला बसायचं, आणि अंगणातून जाणाऱ्या प्रत्येकाला ते कळायचं. देहाची इतकी उघडी नोंद दुसरी कुठली नसेल. मूल का होत नाही, मुलगी ‘शहाणी’ कधी झाली, यावर ओटीवरच्या पुरुषांचीही मतं असत. जातीचंही तसंच: नव्या गावात पाऊल ठेवताच आडनाव विचारलं जाई आणि आडनावावरून पाणी कुठे द्यायचं ते ठरे. ज्यांना ते पाणी वरून ओतून मिळालं, त्यांच्यासाठी सगळ्यांना सगळं माहीत असणारं गाव म्हणजे जाच होता. शहराच्या गर्दीत अनोळखी होण्यात त्यांना पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. खाजगीपणाची खरी किंमत त्यांना आमच्यापेक्षा आधी कळली होती.

म्हणूनच आज जे चाललंय त्याची चीड अधिक येते. आमच्या पिढीने झगडून बाजूला बसणं मोडलं. आमच्या मुलींनी पाळीच्या तारखा कुणाला न सांगता आपल्या फोनमध्ये ठेवायला घेतल्या, कारण तिथे त्या सुरक्षित वाटल्या. फ्लो हे दहा कोटींहून अधिक जणींनी वापरलेलं ॲप. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये त्याच्याविरुद्ध ठपका ठेवला की, माहिती खाजगी ठेवण्याचं वचन देऊनही त्याने ती फेसबुक आणि गूगलसकट बाहेरच्या विश्लेषण-कंपन्यांना पुरवली. अंगणातल्या चार डोळ्यांतून सुटलेली मुलगी साता समुद्रापलीकडच्या यंत्रांच्या नजरेत आली, आणि यावेळी तिला पाहणारे डोळे दिसतही नव्हते. आडनावाचंही तेच. माणसाची पतपात्रता, नोकरीची योग्यता, विम्याचा हप्ता ठरवायला यंत्रं बसली तर ती राहण्याच्या वस्तीवरून, खरेदीवरून, नावावरून अंदाज बांधू शकतात. गावात निदान ‘तू मला ओसरीवर का थांबवलंस?’ असं विचारायला समोर माणूस असे.

वाचनाचं सुख मात्र आमच्या वेळी खरोखर मोकळं होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. त्याच परंपरेतलं छोटं वाचनालय आमच्या तालुक्याला होतं. ग्रंथपालांच्या रजिस्टरात पुस्तकाचं नाव आणि तारीख एवढंच उमटे. कोणतं पान मी दोनदा वाचलं, कुठे थांबले, कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकलं, हे फक्त मला माहीत होतं. वर्तमानपत्र मी वाचत असे; ते मला वाचत नसे. आज बातमीचं एखादं पान उघडलं की ते पुरतं दिसण्याआधीच माझ्या नजरेचा लिलाव झालेला असतो. मी कुठल्या भागात आहे, कोणता फोन वापरते, आधी काय पाहिलं, याची चिठ्ठी जाहिरातदारांच्या बाजारात जाते, अनेक बोलीदार ती वाचतात, एक जण बोली जिंकतो आणि त्याची जाहिरात मला दिसते. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात उरकतं. आणि जे बोली हरले त्यांच्याकडेही ती चिठ्ठी पोचलेलीच असते. संकेतस्थळांना पाहुण्याची आठवण राहावी म्हणून नेटस्केप कंपनीच्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ शोधली. दुकानात पुन्हा आलं की आपली पिशवी जागेवर सापडावी, इतका साधा हेतू होता. जाहिरातदारांनी त्याच कुकीने दुकानादुकानांतून मागोमाग फिरण्याची सोय केली.

वाटेवरच्या प्रश्नांचंही तसंच. फाट्यावर एसटीची वाट पाहत उभं राहिलं की, ‘कुठे निघालात?’ असं विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. तो प्रश्न कधी नकोसाही होई. तेव्हा ‘जरा इकडेच’ म्हणून सुटता येई. फोनला असं उत्तर देता येत नाही. ठावठिकाण्याची नोंद बंद केल्यावरही गूगलच्या काही सेवा ती ठेवतच होत्या, असं २०१८ मध्ये उघड झालं. त्या प्रकरणी अमेरिकेतल्या ४० राज्यांशी कंपनीने २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. ‘नको’ म्हणण्याची सोय दाखवायची आणि ‘नको’ म्हटल्यावरही नोंद चालू ठेवायची, हे कुठल्याच गावाने केलं नव्हतं.

सरकारी कागदांची आठवण निघाली की मला जनगणनेला येणारे आमचे मास्तर आठवतात. ओटीवर बसून ते माणसं मोजत, शिक्षण विचारत. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की, व्यक्तीने दिलेली ही माहिती कुणाला पाहायला मिळणार नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाही. स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्याच नागरिकांना दिलेला तो शब्द होता. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्यांच्यापाशी जन्मदाखला नाही, पत्त्याचा कागद नाही, त्यांना ओळख मिळावी, रेशन मिळावं, हा हेतू आदराचा होता, आणि अनेकांना त्याचा उपयोगही झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना कायम ठेवली, मात्र खाजगी कंपन्यांना तिच्या आधारे ओळख मागण्याची दिलेली मुभा काढून टाकली. तरीही लॉजपासून भाड्याच्या घरापर्यंत आपण आधारची झेरॉक्स वाटत सुटलो आहोत. ती प्रत कोणाच्या खणात पडते, तिथून कुठे जाते, हे आपण विचारत नाही. निदान शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत देण्याची सोय आहे, तीही फारशी कुणी वापरत नाही.

आपण इथपर्यंत आलो कसे, याचं उत्तर बेफिकिरी असं देऊन चालणार नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला होता की, एका माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं गोपनीयता धोरण वाचायचं ठरवलं तर वर्षाचे २०० हून अधिक तास त्यातच जातील. तेव्हा तर स्मार्टफोन नुकते येत होते. वाचता येणार नाही इतकं लांब, कळणार नाही इतकं किचकट आणि बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिलेलं काहीतरी पुढे करायचं, आणि माणसाने ‘मान्य’ दाबलं की त्याला संमती म्हणायचं. वाचता न येणाऱ्या म्हातारीचा अंगठा घेण्याआधी पोस्टमनदादा मजकूर वाचून दाखवत. अंगठा घेणाऱ्याची तेवढी जबाबदारी तेव्हा मानली जाई.

ती जबाबदारी आता कायद्याने परत आणायची वेळ आली आहे, आणि त्यासाठीचा पाया आपल्यापाशी आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, ऐंशी पार केल्यावर, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने एकमताने निकाल दिला: खाजगीपण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच तो भाग आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीच्या, नागरिकांच्या हक्कांच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यात उणिवा आहेत. सरकारला आपल्याच संस्थांना त्यातून सूट देता येते, ही मोठी उणीव. त्याच्या आडून माहिती अधिकाराच्या कायद्यातलं एक कलम बदललं गेलं आणि सार्वजनिक कामाची माहितीही ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारण्याची वाट मोकळी झाली. ज्या राज्यात माहिती अधिकारासाठी माणसांनी उपोषणं केली, त्या महाराष्ट्राला हे टोचलं पाहिजे. नागरिक पारदर्शक आणि सत्ता झाकलेली, ही उलटी रचना कोणत्याही काळात अन्यायाचीच होती. या उणिवांवर बोलत राहावंच लागेल.

पण या कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचताना मला आमच्या वाडीची बरोबरी परत मिळण्याची आशा वाटली. पहिली अशी की, संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायला मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. दुसरी त्याहून मोलाची. माझ्या संमतीने माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं तुम्ही काय करता आणि ती आणखी कोणाकोणाला दिली, हे मी विचारू शकेन, आणि कंपनीला सांगावं लागेल. माझी माहिती असणारा मला माहीत असावा, हा वाडीचा रिवाज आता कलम म्हणून कायद्यात लिहिलेला आहे.

कलमं वापरली नाहीत तर ती पुस्तकातच राहतात. ती लागू होईपर्यंतही आपल्या हाती बरंच आहे. दुकानदार बिलासाठी मोबाइल नंबर सक्तीने मागू शकत नाही, असं ग्राहक मंत्रालयाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. तेव्हा काउंटरवर ‘नंबर देणार नाही’ असं शांतपणे सांगता येतं. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, असं विचारून ती परवानगी काढून घेता येते. भाचीला सांगता येतं की तिच्या होकारात आम्हा सगळ्यांचा होकार गृहीत धरला जातो, म्हणून तो देताना आमची आठवण ठेव. शाळांनी मुलांना संगणक शिकवताना हेही शिकवावं, महिला मंडळांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी एखादी दुपार यासाठी ठेवावी.

आणि त्या तरतुदी लागू झाल्या की मी माझी बँक, माझी विमा कंपनी, ती प्रयोगशाळा आणि माझ्या फोनमधली प्रत्येक सेवा यांना एकच प्रश्न विचारणार आहे: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे आणि ते तुम्ही कोणाला दिलंत? तुम्हीही विचारा. एकट्या बाईच्या प्रश्नाला कंपन्या उत्तर टाळतील. लाखो मराठी माणसांनी तोच प्रश्न एकाच महिन्यात विचारला, तर उत्तर देणं त्यांना भाग पडेल.